गोठलेल्या डब्याची फार जुनी परंपरा

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत ताठ बसूनच घालतो आहे, कारण कंबर धरली आहे आणि वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात. मनातला नमस्कार मात्र पार जमिनीला टेकून आहे.) तुझी तब्येत कशी आहे? डाव्या गुडघ्याला नव्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की अजून त्याने खिडकीचं दार बांधून ठेवलं आहेस? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून चौथ्या मजल्यावरून दोरीला पिशवी सोडून भाजी वर ओढतेस? आणि दुसऱ्या मजल्यावरचा तो गृहस्थ मधल्यामध्ये पिशवीतले टोमॅटो काढून घेतो म्हणाली होतीस, त्याचा काही बंदोबस्त झाला का? रक्तदाबाचं मी विचारत नाही. तो तू स्वतःच मोजतेस आणि वाढला तर स्वतःच त्याला दम देतेस. चाळीस वर्षं मेट्रन म्हणून जिने अख्ख्या वॉर्डाला नजरेच्या धाकात ठेवलं, तिच्यापुढे रक्तदाबाची काय टाप!

आठ महिने माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागावण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. फोन करता आला असता हेही खरं, पण फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला 'बरं, ठेव आता' म्हणतेस, आणि मला सांगायचंय ते तीन मिनिटांत मावणारं नाही. शिवाय ते सांगताना तुझा चेहरा समोर नसावा आणि आवाजही कानात नसावा अशी माझी मनापासून इच्छा होती. कारण विषय दारूचा आहे. (बघ, लिहून टाकलं. सर्वांत अवघड वाक्य होऊन गेलं. आता चष्मा लाव, पाय वर घे आणि निवांत वाच.)

तुला ठाऊकच आहे की मी बावीस वर्षं आमच्या कंपनीचा विभागीय विक्री प्रतिनिधी आहे आणि त्यातली साडेवीस वर्षं मी संत्र्याचं सरबत, लिंबाचं सरबत आणि साधा सोडा विकला. माझ्या चारित्र्याला डाग लागेल असं आमच्या गोदामात काही नव्हतंच. फार तर शर्टाला लागायचा. दीड वर्षापूर्वी मुख्य कचेरीत नवे साहेब आले. साहेब नवे आले की त्यांना जुनं काहीतरी बदलावं लागतं, तसं त्यांनी आमचं सरबत बदललं. म्हणजे सरबत तेच ठेवलं, त्यात वोडका घातली आणि ते पत्र्याच्या डब्यात बंद केलं. हातात मावणारा डबा, वरची कडी ओढली की फस्स! आत वोडका, फळांचा रस आणि सोडा सगळं आधीच बेतात मिसळलेलं. याला कॉकटेल म्हणतात. यात माझं काम एवढंच, की दुकानात खोकी पोहोचवायची, दुकानदाराच्या मुलांची चौकशी करायची आणि निघता निघता आणखी दोन खोकी उतरवायची. मी स्वतः थेंबालाही शिवत नाही. परवापरवापर्यंत तर अजिबातच शिवलेलो नव्हतो.

तर दोन महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून एक परिपत्रक आलं. प्रत्येक विभागाने आपल्या भागात हे डबे पाहुण्यांपुढे कसे ठेवतात, त्याच्या 'सर्जनशील प्रादेशिक पद्धती' शोधून कळवाव्यात. उत्तम पद्धती डब्यावर चित्रासकट छापल्या जातील. इथवर ठीक होतं. पण खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की ज्या विभागाला स्वतःची अशी पद्धत सापडणार नाही त्याला स्वतंत्र ओळख नाही असं समजून तो शेजारच्या विभागात विलीन करण्यात येईल. वाचलं आणि मी ते भिंग लावून पुन्हा वाचलं. कारण शेजारच्या विभागाचे प्रतिनिधी म्हणजे आमचे साडूभाऊ! हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नात्याने धाकटे, वयाने नऊ वर्षांनी धाकटे, आणि त्यांना कंपनीत चिकटवलं तेही मीच. उद्या विभाग विलीन झाला तर मला त्यांच्या हाताखाली बसावं लागणार, रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवावा लागणार. ताप आला तर तो आधी साडूला दाखवायचा आणि त्यांनी मान डोलावली की मग अंथरुणावर पडायचं! आत्या, माणसाने नोकरीत काय काय सोसावं याला काही मर्यादा आहे की नाही?

साडूभाऊंना या परिपत्रकाचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या भागात डोंगर आहे, नदी आहे, फळबागा आहेत, होड्या आहेत. त्यांनी आठवड्यात अकरा पद्धती पाठवल्या. कलिंगड कोरून त्याच्या पोटात, बांबूच्या नळीत, नदीतल्या गोट्यांवर थंड करून, होडीच्या वल्ह्यावर पेले मांडून... अकरावी कोणती ते मला सांगितलं नाही, 'गुप्त आहे' म्हणाले. वर मला फोन करून विचारलं, 'तुमच्याकडे काय विशेष?' आमच्याकडे काय विशेष असणार? सपाट जमीन आहे. गाद्यांचा एक कारखाना आहे. एकाच रस्त्यावर सहा दंतवैद्य आहेत (का आहेत ते त्या सहांपैकी कुणालाही सांगता येत नाही). मोटारवाले इथे थांबतात, पाय मोकळे करतात, 'अजून किती लांब?' असं विचारतात आणि निघून जातात. मी वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तीन दिवस धूळ खाऊन एक जुनं भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात आमच्या भागावर एकच ओळ होती: 'या प्रदेशात सांगण्यासारखे काही नाही.' आणि खाली अर्धं पान साडूभाऊंच्या नदीचं चित्र.

शेवटी मी आमच्या माणसांना विचारायचं ठरवलं. समोर राहणारे दंतवैद्य आणि गाद्यांच्या कारखान्यातल्या कापणी विभागाच्या प्रमुख बाई (त्यांना अख्खा गाव कात्रीबाई म्हणतो आणि त्या सहीदेखील तशीच करतात), या दोघांना मी एका रविवारी सकाळी घरी बोलावलं. अट एकच घातली, की आपापल्या डोक्यातून पद्धत काढायची आणि ती या भागाची वाटली पाहिजे. दंतवैद्य त्यांच्याकडचे ते छोटे कागदी पेले घेऊन आले, दात तपासताना चूळ भरायला देतात ते. कल्पना वाईट नव्हती. सहा दंतवैद्यांच्या गावाला शोभेल अशीच होती. पेले भरले, सगळ्यांना दिले. पण आत्या, सवय फार वाईट. तो पेला हातात आला की माणूस आपोआप गाल फुगवतो, खुळखुळवतो आणि मोरी शोधतो. कात्रीबाईंना मोरी सापडली नाही, त्यांनी आमच्या मनीप्लांटच्या कुंडीत चूळ टाकली. (मनीप्लांट तेव्हापासून नुसता सुटला आहे. पडद्याच्या दांडीला जाऊन भिडला.) स्वतः दंतवैद्यांनीही चूळच भरली आणि वर मला म्हणाले, 'आता जरा आ करा.'

मग कात्रीबाईंची पद्धत. त्यांनी कारखान्यातून एक नवी कोरी गादी आणली होती. पाहुण्याला गादीवर आडवं करायचं, डबा छातीवर ठेवायचा आणि लांब नळीने प्यायला द्यायचा. 'पाहुणा प्रवासातून दमून येतो,' त्या म्हणाल्या, 'त्याला बसवता कशाला?' मला हे पटलं. दंतवैद्यांना आडवं केलं. चार घोट झाले, पाचव्याला ते घोरायला लागले आणि डबा छातीवर खालीवर व्हायला लागला. एवढ्यात स्वयंपाकघरात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्याला दंतवैद्य उठून बसले आणि 'पुढचा पेशंट' म्हणाले.

झालं होतं असं, की फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात काही डबे होते. मीच ते गार करायला ठेवले असणार आणि विसरलो असणार. (मला तसं काही आठवत नाही, पण आमच्या घरात एखादी गोष्ट कुणी केली ते आठवत नसेल तर ती मी केलेली असते.) डबे गोठून फुगले होते आणि त्यातले तीन फुटले होते. कप्प्याचं दार तिरकं झालं होतं, आणि एका फुटक्या डब्यातून गुलाबी रंगाचा एक गोठलेला दांडका अर्धा बाहेर आला होता. मी 'अरे बापरे' म्हणत फडकं शोधायला लागलो. हिने फडकं नाही शोधलं. हिने पत्रा सोलला, दांडका पाटावर आडवा ठेवला, काकडी चिरायची सुरी घेतली आणि त्याचे गोल गोल काप केले. बशीत तीन काप, वर लिंबाची फोड, बाजूला चमचा.  मग दंतवैद्य डोळे मिटून म्हणाले, 'दाताला लागतंय, पण काय छान लागतंय!' कात्रीबाईंनी दुसरी बशी मागितली. मीही एक काप खाल्ला. (कापाला थेंब म्हणत नाहीत, आत्या. मी शब्दकोशात पाहिलं.)

त्याच दुपारी मी मुख्य कचेरीचा तो छापील फॉर्म भरला. पद्धतीचं नाव: गोठवलेले काप. साहित्य: डबा, सुरी, धीर. 'परंपरा किती जुनी?' असा एक रकाना होता. खरं तर ती तेव्हा पावणेचार तासांची होती. मी लिहिलं 'फार जुनी.' 'फार' या शब्दात मी वर्षांचा आकडा कुठे दिला आहे? त्यामुळे मन स्वच्छ होतं. फॉर्म पोस्टात पडेपर्यंत ते स्वच्छ राहिलं.

आठव्या दिवशी फोन आला. मुख्य कचेरीतल्या बाई स्वतः येणार, सोबत छायाचित्रकार येणार, शनिवारी सकाळी अकराला परंपरा 'चालू अवस्थेत' पाहणार.  आमच्या बैठकीच्या खोलीत परंपरा मावली नसती, म्हणून कात्रीबाईंनी मालकांना विचारून कारखान्याचं कापणीचं दालन मिळवून दिलं. डबे मात्र आमच्या फ्रीजमध्ये गोठवायचे नाहीत असं हिने बजावलं (दार अजून तिरकंच आहे). दंतवैद्यांचा एक पेशंट बर्फाच्या कारखान्यात आहे, त्याने दोन दिवस ते आपल्या कोठारात ठेवले. तिथून आमच्याकडे आणायचे तर वाटेत वितळायला नकोत, म्हणून कात्रीबाईंनी ते एका कापसाच्या गादीत गुंडाळायला सांगितले. आत चाळीस डबे असलेली गादी खांद्यावर घेऊन मी बर्फवाल्याचा जिना उतरलो. उतरलो म्हणजे पहिल्या चार पायऱ्या मी उतरलो, पुढच्या नऊ गादीने मला उतरवलं. डब्यांना काही झालं नाही, कापूस फार चांगल्या प्रतीचा होता. कंबर धरली ती तेव्हा.

शनिवारी कारखान्यात ही गर्दी! सुट्टी असूनही कामगार आले होते, त्यांची घरची माणसं आली होती, गादीवर गादी रचून लोक वर चढून बसले होते. मुख्य कचेरीच्या बाई ठरल्या वेळेला हजर झाल्या. बारीक कापलेले केस, हातात वही, आणि दर वाक्याला 'का?' विचारण्याची सवय. त्यांच्या मागोमाग पांढरीशुभ्र पँट घालून कोण आलं असेल? साडूभाऊ! 'म्हटलं, साडूभाऊंचा मोठा दिवस, आपण नको का यायला?' असं म्हणून त्यांनी माझ्या नेमक्या कमरेवरच थाप मारली.

मी पहिला डबा काढला. कापसात तो असा काही राहिला होता, की वितळणं दूरच, उलट दगड झाला होता. पत्रा सोलायला गेलो, नख मोडलं. हिने कापायला सुरी लावली, तर सुरीची मूठ हिच्या हातात आणि पातं साडूभाऊंच्या बुटाजवळ.  बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. साडूभाऊ म्हणाले, 'होतं असं. परंपरा म्हटली की थोडा सराव लागतो.' माझ्या डोळ्यांपुढे रजेचा अर्ज उभा राहिला.

आणि मग आत्या, जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं, एवढं फक्त तू मान्य कर. दंतवैद्य सरळ दवाखान्यातून आले होते. त्यांच्या कोटाच्या खिशात दात उपटायचा चिमटा होता. ते पुढे झाले, डबा काखेत धरला, चिमट्याने कड पकडली आणि अक्कलदाढ उपटावी तसं अख्खं झाकण उपटलं. 'दुखलं तर सांगा,' असं सवयीने डब्याला म्हणालेसुद्धा. मग त्यांनी पत्रा वरपासून खालपर्यंत उलगडला आणि गोठलेला दांडका कात्रीबाईंच्या हातात दिला. कात्रीबाई आपल्या यंत्रापाशी गेल्या. गादीचा फोम कापायचं यंत्र आहे ते, उभं, पट्ट्यासारखं गरगर फिरणारं पातं असलेलं. त्यांनी नवं पातं चढवलं, ते स्पिरिटने पुसलं (मला तुझी आठवण झाली), बटण दाबलं आणि दांडका पुढे सरकवला. झर्र! चौदा काप. एकासारखा एक, नाण्यासारखे गुळगुळीत. दालनातून असा आवाज निघाला, की छायाचित्रकार फोटो काढायचा विसरला आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

बाईंनी काप उचलून उजेडात धरला. त्याच्या कडेला कापसाचा एक तंतू चिकटला होता. 'हे काय आहे?' त्यांनी विचारलं. मी घाबरलो, पण कात्रीबाई थंडपणे म्हणाल्या, 'त्यावरून ओळखायचा. तंतू नसेल तर तो दुसरीकडचा.' बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग काप खाल्ला. मग दुसरा. म्हणाल्या, 'कलिंगड तर सगळेच कोरतात. हे मात्र दुसरीकडे कुठे होऊच शकत नाही.' आणि आत्या, हे अगदी खरं होतं! दात उपटायचा चिमटा, कापूस आणि फोमचं पातं ही तिन्ही एका हाकेवर असलेलं दुसरं गाव दाखव मला. मी खोटं म्हणून लिहून पाठवलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत खरं झालं. मला एकदम आमच्या सपाट भागाविषयी भरून आलं.

साडूभाऊंना मात्र राहवलं नाही. 'किती जुनी म्हणालात ही परंपरा?' त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. मी तोंड उघडणार, तोच गादीच्या ढिगावरून एक निवृत्त बस कंडक्टर बोलले. मी त्यांना काहीएक शिकवलं नव्हतं, देवाशपथ. ते म्हणाले, 'आमच्या आजोबांपासून आहे. आजोबा करवतीने कापायचे.' बाईंनी विचारलं, 'पण तेव्हा हे डबे कुठे होते?' कंडक्टर म्हणाले, 'नव्हते ना बाई. म्हणून तर हाल व्हायचे!' त्यावर उशा शिवणाऱ्या एक आजी तावातावाने उठल्या, की गोल काप ही अलीकडची थेरं, आमच्या सासरी उभेच कापायचे. झालं! अर्धं दालन गोलवाल्यांचं, अर्धं उभ्यावाल्यांचं. दंतवैद्य गोलवाले निघाले, कात्रीबाईंनी मात्र आवाज खाली आणून मला सांगितलं की यंत्र दोन्ही करतं.

एवढ्या वेळात साडूभाऊंनी चार काप संपवले होते. पाचव्याला त्यांचे डोळे पाणावले. ते खुर्चीवर उभे राहिले आणि म्हणाले की ही चव त्यांच्या ओळखीची आहे, त्यांचे वडील नदीकाठी अगदी हेच करायचे, आणि ही परंपरा मुळात त्यांच्या भागातली असून गाद्यावाल्यांनी इकडे आणली आहे. आपल्या अकरा पद्धती, ती गुप्त अकरावीसुद्धा, ते एका क्षणात विसरले. मी म्हटलं, 'साडूभाऊ, खाली उतरा.' ते म्हणाले, 'आधी माझ्या वडिलांची परंपरा परत करा!' आमची मेहुणी त्यांच्यासोबतच आली होती. ती फक्त म्हणाली, 'पँटला गुलाबी लागलंय.' तेव्हा कुठे ते उतरले.

बाईंनी वही मिटली आणि निवाडा दिला. दोन्ही विभागांनी आपापल्या बाजूचा सर्वांत वयोवृद्ध आणि विश्वासू जाणकार सांगावा. त्या जातीने दोघांना भेटतील. ज्याचं म्हणणं खरं ठरेल त्याच्या विभागाची परंपरा, आणि दुसरा विभाग त्यात विलीन! म्हणजे एक तर साडूभाऊ रजेसाठी माझ्यापुढे खोकणार, नाहीतर मी त्यांच्यापुढे. साडूभाऊंनी क्षणाचाही विलंब न लावता आपल्या सासूबाईंचं नाव दिलं. आत्या, त्या माझ्याही सासूबाई आहेत! पण बोलायची सोय नाही. साडूभाऊ त्यांच्याकडे न विचारता तिसऱ्यांदा वाढून घेतात म्हणून ते लाडके, आणि मी 'पुरे' म्हणतो म्हणून मी तुटक.

असं सगळं चाललं आहे. बाकी इकडे सर्व ठीक. कंबर सोडली तर तब्येत उत्तम आहे, ही मजेत आहे, दंतवैद्य आणि कात्रीबाई तुला नमस्कार सांगतात (त्यांनी तुला पाहिलेलं नाही, पण आता बरंच ऐकलं आहे). स्वतःला जप. पिशवीतले टोमॅटो मोजून ओढत जा. आणि रागावली असलीस तर पत्राच्या शेवटी आलेल्या माणसावर रागावणं बरं नव्हे, एवढंच म्हणतो.

तुझा लाडका (अजूनही चारचौघांत तू ज्याला 'ढब्बू' म्हणतेस तोच) भाचा

ता. क. : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. मी जाणकार म्हणून तुझं नाव दिलं आहे. मुख्य कचेरीच्या बाई येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता छायाचित्रकारासह तुझ्याकडे येतील. तू एक्याऐंशीची आहेस, चाळीस वर्षं मेट्रन होतीस आणि तुझ्या चेहऱ्याकडे पाहून आजवर कुणाची उलटतपासणी करायची छाती झालेली नाही, म्हणून. तुला खोटं बोलायला मी सांगत नाही आहे. त्यांनी 'ही परंपरा तुम्हाला ठाऊक आहे का?' असं विचारलं, की तू फक्त एकदा मान हलव. वर-खाली. आडवी नाही.

ता. क. दुसरा : सोबत वेगळ्या पार्सलने सहा डबे पाठवले आहेत, बुधवारपर्यंत पोहोचतील. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आडवे ठेव, उभे ठेवलेस तर फुटतात. तुला या असल्या वस्तूला हात लावायला लावतो आहे, मला फार शरम वाटते. चिमट्याने धरलेस तरी चालेल.

ता. क. तिसरा, सूनबाईच्या हातचा :

आत्याबाई, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून उरल्या जागेत लिहिते. ह्यांनी लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे. फक्त फ्रीजमधले ते डबे ह्यांनी ठेवलेले नव्हते. मी दर आठवड्याला चार ठेवते. त्या रविवारी 'एका वेळी चारच' ही तुमची सूचना विसरून गर्दी केली, म्हणून फुटले.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी आठ दिवस राहायला आले होते. रोज दुपारी चारला तुम्ही आणि शेजारच्या मुख्याध्यापिका बाई बशीतून जे खात होता, आणि 'डोळ्यांना थंड असतं गं' म्हणून तिसऱ्या दिवशी मलाही दिलंत, त्याची चव मी विसरलेले नाही. डबा आमच्याच कंपनीचा होता हे पाहून मला उलट अभिमान वाटला. तुम्ही 'ढब्बूला सांगू नकोस' म्हणालात, मी आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा गुरुवारी खुशाल मान हलवा, त्यात खोटं काही नाही. किती वर्षं असं विचारलं तर तेवढं हसून घालवा.

आईची काळजी नको. धाकटीने काल तिची तयारी करून घ्यायला सुरुवात केली, तर आई म्हणाली, 'मला काय शिकवतेस? मला हे थोरलीच्या सासरच्या आत्याबाईंनी शिकवलंय, मी तेच सांगणार.' साडूभाऊंना अजून कुणी हे कळवलेलं नाही.

एकच विनंती आहे. पार्सल बुधवारी येतंय आणि बाई गुरुवारी. मधे एक दुपार आहे. निदान दोन डबे तरी उरवा.